एकटीने युरोप, पाठीवर सॅक: कुठे मजा येते, कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा होता: वय २७, पुण्यात नोकरी, २१ दिवसांची रजा, युरोपात पहिल्यांदाच आणि एकटीने. बेत अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, व्हेनिस, रोम, बार्सिलोना आणि पॅरिस असा, सगळीकडे हॉस्टेल. यात मजा किती, त्रास किती, आणि त्रास कमी कसा करायचा?

पहिलं उत्तर म्हणजे यादी कापा. नऊ शहरं म्हणजे आठ वेळा मुक्काम हलवणं, आणि मुक्काम हलवण्याचा दिवस हा फिरण्याचा दिवस नसतो. सकाळी दहाला खोली सोडायची, चादरी काढून द्यायच्या, स्टेशन गाठायचं, चार-सहा तास गाडीत, मग नव्या शहरात तिकिटाचं यंत्र समजून घ्यायचं, हॉस्टेलात पोचलं तर पलंग तीन वाजल्याशिवाय मिळत नाही. २१ पैकी आठ दिवस असे गेले की उरतं काय? त्यात एकट्या माणसाचा हिशेब आणखी वेगळा असतो. दोघं असतील तर एक सामानापाशी थांबतो, दुसरा तिकीट काढतो. एकटीला स्टेशनवरच्या स्वच्छतागृहातसुद्धा सॅक घेऊनच जावं लागतं. कुठला फलाट, कुठे जेवायचं, हा रस्ता रात्री बरा आहे का, हे दिवसाचे पन्नास छोटे निर्णय एकाच डोक्याने घ्यायचे असतात. दहाव्या-बाराव्या दिवशी बहुतेकांना जे "एकटं वाटतं", त्यातला मोठा भाग म्हणजे हा थकवा, अपुरी झोप आणि टाळलेलं जेवण असतं. म्हणून पुढचं सगळं नियोजन एकाच गोष्टीभोवती आहे: छोटे निर्णय घरी बसून संपवायचे, म्हणजे तिथे गेल्यावर मोकळेपणा उरतो.

पहिल्या खेपेला मध्य युरोपची एक सरळ ओळ घ्या: बर्लिन ५ रात्री, ड्रेस्डेन २, प्राग ४, ब्रनो २, व्हिएन्ना ३, बुडापेस्ट ४. एकूण वीस रात्री. बर्लिन ते ड्रेस्डेन साधारण दोन तास, ड्रेस्डेन ते प्राग सव्वादोन-अडीच, प्राग ते ब्रनो अडीच, ब्रनो ते व्हिएन्ना दीड, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन. एकही टप्पा तीन तासांच्या वर जात नाही, गाडी बदलावी लागत नाही, रात्रीचा प्रवास नाही. विमानाचं तिकीट मल्टिसिटी काढा, जाताना बर्लिन आणि येताना बुडापेस्टहून. परत बर्लिनला येण्यात एक अख्खा दिवस आणि गाडीभाडं वाया जातं. रोम आणि पॅरिस कुठे जात नाहीत, ती पुढच्या खेपेला.

व्हिसाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण सगळ्यात महाग चुका इथे होतात. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे मनावर नसतं. ज्या देशात मुक्काम सगळ्यात जास्त, त्याच्याकडे. मुक्काम सारखा असेल तर जिथून आत शिरणार त्याच्याकडे. वरच्या ओळीत जर्मनीत सात रात्री आणि चेक प्रजासत्ताकात सहा, म्हणजे अर्ज जर्मनीकडे. बर्लिनच्या दोन रात्री उडवून प्रागला दिल्या तर हे गणितच उलटतं, म्हणून रात्री आधी ठरवा, अर्ज नंतर भरा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळी सुट्टीच्या आधी अपॉइंटमेंट मिळणंच अवघड होतं, तेव्हा तीन महिने हाताशी ठेवा. शुल्क ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्राला, म्हणजे या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांना, लागू असलेला. हॉस्टेलं विनाशुल्क रद्द करता येतील अशीच बुक करा, पण व्हिसा मिळाल्यावर सरसकट रद्द करून भलतीकडे जाऊ नका. पुढच्या अर्जाच्या वेळी जुना प्रवास तपासला जातो.

व्हिसा हातात आला की स्टिकरवरच्या दोन जागा वाचा. एक, दिवसांची संख्या. यात पोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरतात. अनेक जण रात्री मोजतात आणि एका दिवसाने चुकतात. दुसरी, किती वेळा आत येता येईल. तिथे १ असेल तर मध्येच बेलग्रेडला जाऊन येऊ असं ठरवू नका. सर्बिया शेंगेनमध्ये नाही, बाहेर पडलात की तो व्हिसा संपला.

पासपोर्टची तपासणी बर्लिनलाच होईल असं नाही, ज्या पहिल्या शेंगेन विमानतळावर उतराल तिथे ती होते. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे बोटांचे ठसे तपासण्याची आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला रांगेत वेळ लागतो. पुढच्या विमानासाठी अडीच-तीन तासांचं अंतर ठेवा. परतीचं तिकीट, बुकिंगं आणि विमा यांच्या छापील प्रती हातसामानात हव्यात. फोनची बॅटरी नेमकी त्याच रांगेत संपते.

युरेल पास, म्हणजे अनेक देशांच्या गाड्यांना चालणारा एकच पास, घ्यायचा का? या मार्गासाठी नाही. महिन्यात पाच दिवस प्रवासाचा मोठ्यांचा पास साधारण तीनशे युरोंच्या घरात जातो. तुम्ही २७ च्या आहात म्हणून तरुणांच्या सवलतीत बसता, तरी तो महागच पडतो. पाचही टप्प्यांची तिकिटं दीड-दोन महिने आधी सुटी काढली तर सगळी मिळून सव्वाशे युरोंच्या आसपास होतात. बर्लिन-प्राग मार्गावर चेक रेल्वेच्या संकेतस्थळावर तेच तिकीट बऱ्याचदा स्वस्त मिळतं, जर्मन आणि चेक दोन्हीकडे भाव बघा. पासाचा फायदा रोज लांबचा प्रवास करणाऱ्याला, आणि तोही जर्मनी-ऑस्ट्रियासारख्या देशांत. फ्रान्स, स्पेन आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात, हे बऱ्याच जणांना तिथे गेल्यावर कळतं.

स्वस्त तिकीट ठरावीक गाडीचंच असतं. जर्मन रेल्वेत मुक्कामाला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं तर ते बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे माणसं नवं तिकीट काढतात. फलाटावर A, B, C असे विभाग असतात आणि तुमचा डबा कुठल्या विभागात थांबेल ते फलकावर दाखवतात, तिथेच जाऊन उभं राहा. डब्याच्या दारावरचं गावाचं नाव वाचून मगच चढा, कारण काही गाड्या वाटेत दोन तुकड्यांत विभागल्या जातात आणि मागचे डबे भलतीकडे जातात. शहरातल्या छापील तिकिटावर प्रवासाआधी यंत्रात शिक्का मारावा लागतो. बर्लिनमध्ये शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीटच, दंड ६० युरो, आणि तपासनीस साध्या वेषात असतात. शहराचेही तिकिटासाठी A, B, C असे विभाग (झोन) आहेत. बर्लिनचा विमानतळ C मध्ये येतो, म्हणून पहिल्या दिवशी तिन्ही विभागांचं तिकीट घ्या.

ड्रेस्डेनहून प्रागला जाताना डावीकडच्या खिडकीत बसा. रूळ एल्ब नदीच्या अगदी कडेने जातात आणि दुसऱ्या तीरावर वाळूच्या दगडाचे उभे कडे दिसत राहतात. तो कडा जवळून बघायचा असेल तर ड्रेस्डेनचा एक दिवस त्यालाच द्या. एस-१ लोकलने पाऊण तासात कुरोर्ट राटेनला उतरायचं, छोट्या होडीने नदी ओलांडायची आणि पायऱ्यांची वाट धरून बास्टाईच्या पुलावर चढायचं. अर्धा-पाऊण तासाची चढण आहे, सह्याद्रीत चालणाऱ्यांना काहीच नाही. वर पोचलं की नदी जवळजवळ दोनशे मीटर खाली. सकाळी नऊच्या आत गेलात तर पूल मोकळा मिळतो. एकट्याने फिरण्याचं सुख असं असतं: दोन तास एका दगडावर बसून राहिलात तरी "चला आता" म्हणणारं कुणी नसतं.

सॅकबद्दल फार लिहीत नाही. ४० लिटर, भरून आठ किलो, चार दिवसांचे कपडे आणि चौथ्या दिवशी धुलाई. पंधरा किलो घेऊन निघालेला माणूस तिसऱ्या जिन्यावर टॅक्सी शोधतो.

पैशांचं असं: हॉस्टेलातला पलंग, जेवण, शहरातला प्रवास आणि एक प्रवेशिका मिळून बर्लिन-व्हिएन्नात दिवसाला ६०-७० युरो, ब्रनो-बुडापेस्टमध्ये ४५-५५ युरो धरा. दोन वेगवेगळी कार्डं वेगवेगळ्या जागी ठेवा. एटीएम किंवा दुकानातलं यंत्र "रुपयांत घेऊ का?" असं विचारतं, तेव्हा नेहमी स्थानिक चलन निवडा. रुपयांचा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यातला दर फार वाईट असतो. चेक प्रजासत्ताकात कोरुना आणि हंगेरीत फोरिंट चालतो. प्रागच्या जुन्या चौकाभोवती "कमिशन शून्य" लिहिलेल्या दुकानांत दरातच मेख असते. फसलात तर चेक कायद्याने तीन तासांच्या आत, १००० युरोंपर्यंतचा व्यवहार पावती दाखवून रद्द करता येतो. रस्त्यावर नोटा बदलून देणाऱ्याच्या बाबतीत मात्र कुठलाच कायदा उपयोगी पडत नाही.

जेवण. घरून निघताना तूप, पेढे, बर्फी, चक्का यांतलं काही भरू नका. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि तूप त्यातच मोडतं. ताजा कढीपत्ताही नको. पोहे, मेतकूट, लसणाची कोरडी चटणी, भाजणी खुशाल न्या. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी वाणसामानाची दुकानं बंद असतात, फक्त मोठ्या स्टेशनांतली उघडी मिळतात. शनिवारी संध्याकाळी पाव, दही, फळं घेऊन ठेवा. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात फोडणी देताना आधी वरचा पंखा लावा. तिथे धुराचे भोंगे फार हळवे असतात, मोहरी तडतडली की अख्खी इमारत रस्त्यावर येते आणि बंब आला तर त्याचं बिलही येऊ शकतं.

शाकाहारी असाल तर "व्हेजिटेरियन" या एका शब्दावर विसंबू नका. चेकमध्ये "बेझ मासा" म्हणजे मांसाशिवाय. आपल्या माशाशी त्याचा संबंध नाही. तरीही हॅमचे तुकडे आहेत का ते वेगळं विचारा, तिथे अनेकांच्या लेखी ते मांसात धरत नाहीत. सूप भाज्यांचं दिसलं तरी पाणी बहुधा मांसाचं असतं. प्रागमध्ये स्माझेनी सीर, म्हणजे तळलेलं चीज, कुठेही मिळतं. बुडापेस्टमध्ये फॉझेलेक विचारा: वाटाणा, पालक, दुधी किंवा बटाट्याची दाटसर भाजीच ती, वरून मांसाचा तुकडा नको एवढं सांगायचं. घरच्या जेवणाच्या सगळ्यात जवळ जाणारी चव तीच. दिवसाचं मोठं जेवण दुपारी करा. तेव्हा ठरावीक थाळी स्वस्त असते आणि एकट्याने टेबल अडवल्याचं कुणाला काही वाटत नाही.

हॉस्टेल निवडताना गुणांकापेक्षा तीन गोष्टी बघा: स्वागतकक्ष चोवीस तास आहे का, स्वयंपाकघर आहे का, आणि स्टेशनपासून चालत किती मिनिटं. सहा पलंगांची फक्त मुलींची खोली घ्या. बारा पलंगांच्या खोलीत वाचलेले आठ युरो झोपेतून वसूल होतात. खोलीत शिरल्यावर सॅक पलंगावर टाकायच्या आधी गादीचा कोपरा उचला आणि शिवणीत मोबाइलचा उजेड पाडा. काळे बारीक ठिपके दिसले तर ते ढेकणांचे, लगेच खोली बदलून मागा. स्वतःचं कुलूप न्यायचंच. कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांवरची पट्टीही विसरू नका. आपले दोन गोल पिनांचे चार्जर तिथे बसतात, तीन पिनांचे नाही.

आता उतारांबद्दल, म्हणजे एकटीने फिरताना अंग किंवा मन गळतं त्या वेळांबद्दल. ते येण्याच्या वेळा जवळजवळ ठरलेल्या आहेत. पहिला तिसऱ्या दिवशी, घड्याळाच्या फरकामुळे पहाटे चारला जाग येते आणि दुपारी चारला अंग गळतं. दुसरा दहाव्या-बाराव्या दिवशी, जेव्हा चौथं चर्च आधीच्या तिन्हींसारखंच दिसायला लागतं. त्या दिवशी काहीही बघू नका. कपडे धुवा, केस धुवा, बागेत झोपा. म्हणूनच वरच्या आखणीत ब्रनो मध्यावर ठेवलं आहे. ते शहर लहान आणि स्वस्त आहे, गर्दी कमी आहे, आणि शाळेच्या पुस्तकात वाटाण्याचे प्रयोग करणारा जो मेंडेल भेटतो त्याचा मठ तिथेच आहे. त्याने ते वाटाणे जिथे लावले ती जागा बघायला तासभर पुरतो.

तिसरा उतार रोजचा, रात्री आठ-नऊचा. दिवसभर एकटं बरं वाटतं, दिवे लागले आणि हॉटेलांतून माणसं घोळक्याने बसलेली दिसली की पोटात कालवतं. उन्हाळ्यात भारताचं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं; तिथे रात्रीचे नऊ म्हणजे घरी साडेबारा, सगळे झोपलेले. म्हणून घरी फोन दुपारी चारला करा, आईचं जेवण व्हायच्या आधी. आणि संध्याकाळच्या सात ते नऊला दर दिवशी काहीतरी नेमलेलं ठेवा. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात सातला उभं राहिलात तर ओळखी आपोआप होतात, कारण कुणाला तरी मीठ हवंच असतं. नव्या शहरात पहिल्याच सकाळी चालत शहर दाखवणारी टिप-तत्त्वावरची सहल घ्या. दहा युरो टिप द्या. तिथे भेटलेल्या एका माणसाबरोबर दुपारचं जेवण झालं तरी दिवस वेगळा जातो.

व्हिएन्नात एक संध्याकाळ राज्य ऑपेराला. उभं राहून बघण्याची तिकिटं वीस युरोंच्या आत मिळतात. आत गेल्यावर कठड्याला स्कार्फ किंवा रुमाल बांधून जागा धरायची, ही तिथली जुनी रीत. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो तशीच. बाजूला उभे असलेले म्हातारे रसिक बहुधा स्वतःहून बोलायला लागतात.

एक सूचना मनापासून. बर्लिनजवळ साक्सेनहाउझेन आणि प्रागजवळ तेरेझीन इथल्या नाझी काळातल्या छळछावण्या बघायला जरूर जा, पण सकाळी जा आणि संध्याकाळ रिकामी सोडू नका. सोबत बोलायला कुणी नसताना ते बघितलेलं मनात फार खोल जातं. दुसऱ्या दिवशी गाव बदलायचं असेल तर आदल्या दिवशी ती भेट ठेवू नका.

चोरी हिंसक क्वचितच असते, हातचलाखीची जास्त असते. प्रागची २२ नंबरची ट्राम, सगळ्या शहरांतल्या मुख्य स्टेशनांचे सरकते जिने, आणि गाडी सुटायच्या आधीचं शेवटचं मिनिट, या ठरलेल्या जागा आहेत. सही मागणारी पाटी पुढे आली की दुसरा हात तिच्याखालून येतो. कपड्यांवर काहीतरी सांडवून पुसायला येणाऱ्यापासून दूर व्हा. साध्या कपड्यातला "पोलीस" पाकीट दाखवा म्हणाला तर ते हातात देऊ नका, जवळच्या चौकीत चला म्हणा. गाडीत सॅक डोक्यावरच्या फळीवर, पण समोरच्या बाजूला, म्हणजे बसल्या जागेवरून दिसेल अशी.

पासपोर्ट गेलाच तर आधी पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत, मग भारतीय दूतावास. या मार्गावर बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट चारही ठिकाणी आपले दूतावास आहेत. मिळणारा आपत्कालीन दाखला फक्त भारतात परतण्यापुरता असतो, पुढचा प्रवास तिथेच थांबतो. दोन फोटो, पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स पासपोर्टपासून वेगळ्या ठेवा. सगळीकडे मदतीचा नंबर ११२. जर्मनीत तातडीचं नसलेल्या दुखण्याला ११६११७. पॅरासिटामॉलसुद्धा तिथे औषधांच्या दुकानातच मिळतं, किराणा दुकानात नाही, आणि प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय नाहीतच. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह घरूनच न्या, त्यावर मूळ औषधाचं नाव हवं.

बुडापेस्टहून निघताना देआक चौकातून विमानतळाची १००ई बस पकडाल. तिला शहराचा पास चालत नाही, वेगळं तिकीट लागतं, आणि हे न कळल्याने सकाळच्या विमानाच्या लोकांची दारातच तारांबळ उडते. ते तिकीट आदल्या रात्रीच काढून ठेवा, उरलेल्या फोरिंटांतून.